कुंदाच्या पाच वाट्या

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणू रोडच्या बाजारात सुकट घेत उभी होते. फोन वसंतरावांचा होता, कुंदाच्या नवऱ्याचा. "निमाताई, कुंदा गेली... पहाटे," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. सुकटवालीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीत आणखी एक मूठ टाकली. मला रडू आलं नाही. राग आला. आदल्याच आठवड्यात मी तिला फोनवर विचारलं होतं, "कशी आहेस?" आणि तिने वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर पुन्हा दिलं होतं, "तीन." आम्हा दोघींच्या बोलण्यात तीन म्हणजे ठीक. तिच्या घरी, आशागडला जाणाऱ्या रिक्षात बसले तरी माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, की ठीक म्हणणारं माणूस आठवड्यात जातं कसं.

कुंदा आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती आणि डबे एक, एवढ्यावर मैत्री जमली. तिचं खरं काम मात्र कॉलेजच्या बाहेर होतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेसाठी ती एक सर्वेक्षण चालवायची. नाव लिहायची मला इच्छा नाही, त्यांची पत्रकं त्यांचं नाव पुरेसं मिरवतात. किनाऱ्यावरची काही कोळ्यांची घरं आणि तलासरीकडच्या पाड्यांवरची काही, अशी घरं एकदा ठरवून घेतलेली. दरवर्षी भाताची झोडणी आटोपली की त्याच घरांत जायचं आणि त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे. त्यातला मुख्य प्रश्न असा, की एकूण तुमचं कसं चाललंय? उत्तराला पाच पायऱ्या होत्या. अगदी वाईट, वाईट, ठीक, बरं, खूप चांगलं. इंग्रजीतून आलेल्या त्या पायऱ्यांचं मराठी करायला तिने मला धरलं आणि तिथून मी जी तिच्याबरोबर फिरू लागले ती शेवटपर्यंत.

पहिल्या वर्षी संस्थेने एक चित्र पाठवलं होतं. वाचता न येणाऱ्यांसाठी एक शिडी. सर्वांत वरची पायरी म्हणजे सर्वांत सुखी, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात तिथे बोट ठेवा. जगभर हीच शिडी दाखवतात म्हणे. तलासरीच्या पाड्यावर लखमी नावाच्या बाईपुढे आम्ही ते चित्र धरलं. तिने ते उलटसुलट बघितलं आणि सर्वांत खालच्या पायरीवर बोट ठेवलं. कुंदाला वाटलं, बाई अगदीच कष्टात आहे. पण लखमीचा चेहरा तर हसरा होता. म्हणून तिने विचारलं, खाली का? "शिडीवर कोन चढते बाय?" लखमी म्हणाली. "मजूर चढते. चिकू काढाया, ताडी काढाया. शेठ त खाली बसते खुर्चीवर. मी खालीच बरी." शेजारच्या बायका माना हलवत होत्या. त्या पाड्यावरच्या बऱ्याच जणांनी त्याच हिशेबाने बोट ठेवलं होतं आणि मुंबईच्या कागदावर तो पाडा जिल्ह्यातला सर्वांत दुःखी पाडा म्हणून जाणार होता. परतीच्या एसटीत कुंदा आधी पोट धरून हसली आणि मग कागद पुन्हा काढून बघत बसली. उतरताना म्हणाली, "निमा, सगळं पुन्हा विचारायचं."

दुसऱ्या दिवशी तिने भांड्यांच्या दुकानातून स्टीलच्या सारख्या पाच वाट्या घेतल्या आणि तिथल्या नाव घालणाऱ्याकडे दिल्या. त्याने सवयीने विचारलं, "काय नाव घालू, आणि कुणाकडून?" कुंदा म्हणाली, "नाव नको, आकडे घाला. एक ते पाच." त्याने मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. त्या वाट्यांत तांदूळ घालायचे. पाचव्या वाटीत काठोकाठ, मग उतरत उतरत, आणि पहिल्या वाटीत चार दाणे. "ती रिकामीच ठेव ना," मी म्हटलं होतं. "नको," ती म्हणाली. "रिकामी वाटी कुणी पाहुण्यापुढे ठेवत नाही. तिला बोट लावायची त्यांना लाज वाटेल. चार दाणे असले की वाईट बोलता येतं." असा विचार करणारी माणसं कमी असतात, आणि आमच्याकडे तर त्यांची किंमत वजाबाकीतच होते.

वाट्यांनीही सगळं सोपं झालं असं नाही. किनाऱ्यावर पाचव्या वाटीला कुणी हात लावेना. "घोव दर्यात हाय नि मी भरल्या वाटीला बोट लावू? नजर लागल ना!" एक कोळीण अंगावरच आली. मोठं बंदर होऊ घातलेल्या वाढवणला एकीने तर उलटा प्रश्न केला, "आजचा विचारतेस का बंदर झाल्यावरचा? आजचा सांगते, लिवून घे, मग मिळायचा नाय." पाड्यावरची चौथी वाटी आणि कोळीवाड्यातली चौथी वाटी एक नव्हती. कुंदा वर्गात हे चिकूवरून शिकवायची. तिच्या माहेरची चिकूची वाडी होती, लहानपणापासून तिने माल निवडताना पाहिलेला. बारीक, मधला, मोठा. एका वाडीतला मोठा शेजारच्या वाडीत मधल्यात जातो, कारण निवडणारा हात वेगळा. "आणि बारक्याला एक, मधल्याला दोन, मोठ्याला तीन असे आकडे दिले, म्हणून मोठा चिकू बारक्याच्या तिप्पट होतो का रे?" ती पोरांना दरडावायची. "तुम्ही दिलेले ते नुसते नंबर आहेत. रांगेतली जागा सांगतात, अंतर सांगत नाहीत. त्यांची सरासरी काढाल तर बदडीन."

मग करायचं काय? तिचं उत्तर होतं, माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. लखमीचं 'बरं' कोळणीच्या 'बरं'शी लावायचं नाही. गेल्या वर्षीची लखमी आणि या वर्षीची लखमी, एवढंच बघायचं, कारण निवडणारा हात तोच असतो. वर गेली की खाली आली, आणि तेव्हा तिच्या घरात काय बदललं होतं. म्हणून तर तीच माणसं पुन्हा पुन्हा गाठायची. या पद्धतीला लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते तिच्या तोंडी गाण्यासारखं यायचं, माझ्या तोंडी बसत नाही. पण त्या पद्धतीत एक खोच होती आणि ती कुंदाला छळायची. ज्या माणसाने दरवर्षी एकच उत्तर दिलं तो या हिशेबातून गळतो. त्याने काही बदल दाखवलाच नाही, तेव्हा त्याच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, असं गणित म्हणतं. आणि लखमी दरवर्षी तिसऱ्या वाटीला बोट लावायची. पीक आलं तरी तीन, गेलं तरी तीन. कॉम्प्युटरवर तिची ओळ बाजूला पडली की कुंदा चष्मा काढून बसायची. "गणित चुकत नाही गं," म्हणायची, "पण इतकी वर्षं एक बाई मला तेच सांगतेय आणि मी म्हणते काही कळलं नाही... हे कसं?"

मग लखमीचा नवरा, बाबू, चिकूच्या झाडावरून पडला. पाठ गेली. खाटेवर पडून जखमा झाल्या. तेव्हा पाड्यावर आठवड्याला फिरत्या दवाखान्याची गाडी यायची, सर्वेक्षणाला मदत देणाऱ्यांनीच चालवलेली. त्यातली नर्स बाबूच्या जखमा धुवायची, औषध द्यायची. त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा बाबू ओटीवर पडलेला, आणि लखमीने वाट्या पाहिल्या न पाहिल्यासारख्या करत तिसरीवर बोट ठेवलं. "ठीक हाय बाय. गाडी येते." मी कुंदाकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात संस्थेने मुंबईला बैठक घेतली. कुंदाने मला सोबत नेलं, भाषांतरकार म्हणून. थंडगार खोली, पडद्यावर एक वर जाणारी रेघ. आकडे एक ते पाच, सगळ्यांची सरासरी, आणि खाली ठळक अक्षरांत, 'समाधानात सातत्याने वाढ'. उपसंचालक नावाचा एक गुळगुळीत माणूस ती रेघ काठीने दाखवत होता. कुंदा उठली. शांतपणे सांगितलं की ही रेघ वर गेलेली नाही, खालची माणसं गेली आहेत. जी पहिल्या वाटीला बोट लावत होती ती घरी सापडलीच नाहीत. वीटभट्टीवर गेली, बांधकामावर गेली, वापीकडे गेली. दाराला कुलूप होतं. राहिले ते 'ठीक'वाले. तो म्हणाला, "मॅडम, सॅम्पल तर सगळीकडेच थोडं गळतं." कुंदा म्हणाली, "गळतं ते पाणी. ही माणसं आहेत, आणि मला त्यांची नावं माहीत आहेत." लोक हसले. म्हणजे कौतुकाने हसले, ते अधिक वाईट. चहाच्या वेळी तो उपसंचालक माझ्याजवळ येऊन म्हणाला, मॅडम फार पॅशनेट आहेत. मी बिस्किट परत बशीत ठेवलं.

परत आल्यावर कुंदाने पुन्हा सगळं मांडलं. स्वतःच्या पद्धतीने हिशेब केला, माणसाची तुलना स्वतःशी, आणि त्यात रेघ वर जात नव्हती. बाजूला पडलेल्या माणसांवर एक वेगळं प्रकरण लिहिलं. या लोकांकडे परत जाऊन नुसतं बसलं पाहिजे, त्यांचं 'ठीक' कशाचं बनलंय ते विचारलं पाहिजे, असं त्यात होतं. अहवाल छापून आला त्यात ते प्रकरण नव्हतं. रेघ होती. आणि त्या रेघेच्या आधाराने, या भागातली गरज आता भागली आहे असं ठरून, फिरत्या दवाखान्याची गाडी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. कुंदाला पत्र आलं की आपला अनुभव मोलाचा आहे, पुढील टप्प्यासाठी नवी रचना करण्यात येत आहे. मोलाचा अनुभव घेऊन ती आशागडला घरी बसली.

म्हणजे बसली नाहीच. भाताची झोडणी झाली आणि ती वाट्या पिशवीत घालून एसटीने तलासरीला निघाली, स्वतःच्या हौसेने. मीही गेले. लखमीच्या ओटीवर खाट उभी करून ठेवलेली. बाबू पावसाळ्यातच गेला होता. गाडी बंद झाल्यावर त्याला जीपमध्ये आडवा घालून तालुक्याला न्यायचं, ते एकदा जमलं, दुसऱ्यांदा जमलं नाही. गाडी असती तर बाबू जगला असता, असं म्हणू लागले की कुंदा मला अडवायची. एकामागून एक झालं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, वगैरे. आता ती अडवायला नाही, म्हणून लिहिते. जगला असता. त्या दिवशी कुंदाने तांदूळ घालून वाट्या मांडल्या आणि चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसू लागली. लखमीने बसल्या बसल्या तिसऱ्या वाटीला बोट लावलं. "ठीक हाय. तू च्या घे." कुंदाने चहा घेतला. रस्त्यावर आल्यावर ती आंब्याच्या झाडाखाली उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. तिला मी तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

पुढच्या वर्षी तिच्या पोटाचं काहीतरी निघालं. काय, ते तिने मला नीट सांगितलंच नाही. 'थोडं पोटाचं आहे, औषध चालू आहे.' वापीच्या दवाखान्यात जाऊन यायची, मधे काही दिवस मुंबई. मी फोन केला की "तीन." गंमत म्हणून सुरू झालेली आमची ती रीत होती, पण आता कुंदा त्या रितीआड दडून बसली होती आणि मला आत शिरू देत नव्हती. शेवटचं भेटले तेव्हा ती पलंगावर उशीला टेकून होती, हाताच्या शिरा वर आलेल्या. वसंतराव चहा करायला आत गेले. फळीवर वाट्या दिसल्या. मी त्या काढल्या, स्वयंपाकघरातून तांदूळ आणले, तिच्या पांघरुणावर पाचही वाट्या मांडल्या आणि म्हटलं, "आता फोनवर नाही. बोट लाव." ती हसली. तिने तिसरीवर बोट ठेवलं. मी भडकले. "कुंदा, मी काय संस्थेची बाई आहे का? मला तरी खरं सांग ना!" ती म्हणाली, "तू डहाणूहून रिक्षाने हाडं खिळखिळी करत आलीस. बस जरा..." आणि मग, "या वाट्या घेऊन जा तू. झोडणी झाली की जाशील ना?" मी चिडूनच वाट्या पिशवीत कोंबल्या. दारापर्यंत गेले तरी तिच्यावरचा राग गेला नव्हता, खरं तर अजून गेलेला नाही.

संस्थेने ऑनलाइन शोकसभा घेतली. तोच उपसंचालक बोलला. मॅडमनी आम्हाला लोकांचं समाधान ऐकायला शिकवलं, म्हणाला. मागे त्यांच्या अहवालाचं मुखपृष्ठ, त्यावरची ती रेघ. दोन मिनिटं शांतता पाळली. आणि सभा संपताच माझ्या फोनवर आपोआप एक चौकट उघडली, 'आजचा कार्यक्रम आपल्याला कसा वाटला? एक ते पाच तारे द्या.' मी कितीतरी वेळ त्या चौकटीकडे बघत होते. मला कुणालातरी फोन करून हे सांगायचं होतं आणि ज्या बाईला सांगायचं तिचीच ती शोकसभा होती. कुंदा इतकी हसली असती की वसंतरावांना पाणी आणावं लागलं असतं.

परवा झोडणी आटोपल्याचं कळलं तशी मी एकटी तलासरीच्या एसटीत बसले. आता हे कुणाच्या कुठल्याच अहवालात जाणार नाही. वाट्या पिशवीत होत्या. लखमी अंगणात सूप घेऊन बसली होती. मला एकटीला पाहून तिने माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. "ती बाय नाय आली?" मी सांगितलं. लखमीने सूप खाली ठेवलं, पदराने तोंड पुसलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. काय करावं ते न कळून मी वाट्या काढून ओळीने मांडल्या आणि तेव्हा लक्षात आलं की तांदूळ आणायला मी विसरले. लखमी उठली. घरातून नवे तांदूळ ओंजळीत घेऊन आली आणि तिनेच वाट्या भरल्या. पाचवी काठोकाठ, मग उतरत उतरत, पहिलीत चार दाणे. इतकी वर्षं समोर बसून पाहिलेलं, तिला काही सांगावं लागलं नाही. मग मी न विचारताच तिने पहिल्या वाटीला बोट लावलं.

मला वाटलं, चुकली. मी म्हटलं, "लखमी, तू तर दरवर्षी ही मधली सांगायचीस. बाबू गेला तेव्हापण."

"ती यायची ना," लखमी म्हणाली. "लांबून यायची, उनातानाची. दारात आलेल्याला वाईट कशाला सांगायचा? तिचा तोंड उतरायचा." मग म्हणाली, "बाबू गेला तवा त ती आधीच रडायला आलेली."

इतक्या वर्षांत लखमीचं उत्तर पहिल्यांदा हललं. कुंदाच्या पद्धतीप्रमाणे आता तिची ओळ हिशेबात धरता येईल. आता ती बाजूला पडणार नाही. फक्त हिशेब करणारी नाही, सर्वेक्षण नाही, बाबू नाही आणि गाडी नाही. आणि त्या अंगणात बसून मला हेही कळलं की आशागडच्या पलंगावरून मला मिळालेलं 'तीन' कुठून शिकलेलं होतं. दोघी समोरचीचं तोंड उतरू नये म्हणून जपत राहिल्या, आणि ज्यांना 'ठीक' हवं होतं त्यांनी ते उचलून नेलं.

निघताना लखमीने वाट्यांतले तांदूळ परत सुपात ओतले. चार वाट्या रिकाम्या करून, एकात एक घालून माझ्या हातात दिल्या. पहिली वाटी तिने ओतली नाही. "ती राहू दे तशीच," म्हणाली. मी ती एसटीत मांडीवर धरून आणली. आता माझ्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ती आहे, आत चार दाणे आहेत. काल वसंतरावांचा फोन आला होता. "कशा आहात निमाताई?" म्हणाले. तोंडाशी आलेलं 'ठीक' मी गिळलं आणि म्हटलं, "वाईट आहे. तुम्ही?" पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मी पण."